बंद करून चालू करा!

'जालना, सोने का पालना' ही आमच्या गावाची जुनी म्हण. पाळणा अजून आहे. पण त्याची दोरी सध्या वायफायच्या हाती आहे, आणि गेल्या नोव्हेंबरात आमच्या घरी ती नेमकी तुटली.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा महिना. आमचे अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. हयातीचा दाखला २०१४ साली डिजिटल झाला आणि २०२१ पासून तर मोबाइलसमोर नुसता चेहरा धरला तरी भागते. अण्णा आंघोळ करून, गंध लावून, शक्य तितक्या जिवंत चेहऱ्याने बसले. मोबाइलवर शेजारच्या चार घरांचे वायफाय दिसत होते. आमचेच दिसेना!

मदतकेंद्राला फोन लावला. "सर, राउटर बंद करून चालू करा." केला. "मोबाइल बंद करून चालू करा." केला. "सर, परत एकदा करा." परत केला. अण्णा म्हणाले, "आता मलाही बंद करून चालू व्हायला सांगतील!"

या उपायाला माझा विरोध नाही. यंत्राच्या डोक्यात साचलेला गोंधळ त्याने पुष्कळदा पुसला जातो. पण रोग न विचारता सगळ्यांना एकच पुडी? डॉक्टरने प्रत्येकाला "झोपा आणि उठा" सांगितले तर आपण फी देऊ का?

शेवटी गल्लीतल्या मोबाइलवाल्या पोराने दोन मिनिटांत निदान केले. "काका, वायफायच्या लहरी दोन तऱ्हेच्या. २.४ गिगाहर्ट्झची हळू चालते, पण भिंतीपलीकडे जाते. ५ ची पळते जोरात, भिंत आली की दमते. तुमचा मोबाइल ५ ची ओळखतच नाही, अन् राउटरवर २.४ ची कोणीतरी बंद करून ठेवलीय." हा कोणीतरी म्हणजे आदल्या आठवड्यात 'स्पीड वाढवून देतो' म्हणून आलेला कंपनीचा माणूस!

एवढे एक वाक्य मदतकेंद्राला बोलता येऊ नये? मी तावातावाने तक्रार लिहायला बसलो. 'ग्राहकाला कारण कळलेच पाहिजे' इथवर आलो आणि पेन अडले. बावीस वर्षे काउंटरवर बसून मी तरी काय सांगत आलो? "सिस्टीम डाऊन आहे, उद्या या." परवाच भोकरदनहून एसटीने आलेल्या एका आजींना हेच सांगितले. सिस्टीम ठणठणीत होती. त्यांच्या केवायसीचा एक कागद राहिला होता. ते समजावायला दोन मिनिटे लागली असती, 'उद्या या' म्हणायला दोन सेकंद पुरले. दुसऱ्या दिवशी आजी आल्या. अर्थात कागदाशिवाय.

तक्रार मी पाठवली. तिची एक प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली, मला दिसेल अशी ठेवली आहे.

अण्णांचा दाखला त्याच संध्याकाळी निघाला. ते आता अधिकृतपणे जिवंत आहेत, येत्या नोव्हेंबरपर्यंत!