ज्ञानाचे उत्पादन झाले, वितरणाचे काय?

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी एक रोखठोक हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमांतून उभा राहतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरात पडतो, असा त्याचा आशय होता. संगणकाच्या युगात हा हिशेब कालबाह्य झाला असे मानणाऱ्यांनी महाजालावरील शैक्षणिक साहित्याची आजची स्थिती तपासून पाहावी.

वरवर पाहता चित्र समाधानकारक आहे. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ व बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर मोफत उपलब्ध आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने ‘दीक्षा’ व ‘स्वयम्’ हे मंच सुरू केले. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. हे सारे जनतेच्या पैशातून झाले आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु गोदामात धान्य आहे म्हणजे गावात कोणी उपाशी नाही, असा निष्कर्ष कोणताही समाजवादी काढणार नाही. उत्पादन झाले, वितरणाचा प्रश्न शिल्लक आहे, आणि ज्ञानाच्या क्षेत्रात वितरण याचा अर्थ प्रथमतः सूची हाच होय.

तालुक्याच्या गावी सहकार ह्या विषयाचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण घ्यावे. विश्वकोशातील नोंद एका ठिकाणी, पाठ्यपुस्तकातील प्रकरण दुसरीकडे आणि एखादे व्याख्यान तिसरीकडे असते. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. जुने ग्रंथ तर बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात चढवलेले असतात. अशा पानांतील मजकुराची अक्षरओळख करून घेतलेली नसेल, तर यंत्राला त्यातील एकही शब्द शोधता येत नाही. काही मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, तीही ओढूनताणून नोंदलेली आढळतात. त्यात लेखनपद्धतीचा घोळ आहे. ग्रामव्यवस्थेवरील त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा प्रसिद्ध ग्रंथ ‘गांव-गाडा’ ह्या नावाने निघाला. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि आजचा विद्यार्थी ‘गावगाडा’ असे लिहून शोधतो. दोन्ही रूपे एकाच ग्रंथाची आहेत हे नोंद करणाऱ्याने सांगितले नाही, तर ग्रंथ असूनही नसल्यासारखाच.

शोधालाही किंमत पडते, ही गोष्ट जॉर्ज स्टिग्लर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ सालीच दाखवून दिली होती. ते बाजारपेठेचे खंदे पुरस्कर्ते होते, पण त्यांच्या सिद्धांतातून आपल्याकडे निघणारा निष्कर्ष बाजाराच्या बाजूचा नाही. शहरातील सुस्थित घरच्या मुलाची शोधाची किंमत त्याचा शिकवणीवर्ग, त्याचे सुशिक्षित पालक आणि त्याचे इंग्रजी भरून काढतात. शेतमजुराच्या मुलीला ती स्वतःच्या वेळेतून आणि घरातल्या एकुलत्या एक मोबाइलच्या मोजक्या डेटामधून भरावी लागते. म्हणजे ही अव्यवस्था तटस्थ नाही. तो गरिबांवर बसवलेला एक अप्रत्यक्ष कर आहे, आणि सर्व अप्रत्यक्ष करांप्रमाणे तो सर्वांत जास्त बोचतो तो सर्वांत कमी ऐपत असणाऱ्यालाच.

ह्यावर असे म्हटले जाते की शोधयंत्रे हे काम करतातच, मग सूचीचा खटाटोप कशाला? हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. प्रमुख शोधयंत्रे जाहिरातींवर चालणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या मालकीची आहेत. काय प्रथम दाखवावे याचा निर्णय त्या कंपन्या घेतात आणि त्याबद्दल त्या मराठी वाचकाला जबाबदार नाहीत. शिवाय ज्याला नेमका शब्द माहीत आहे त्यालाच यंत्र उत्तर देते. जो विषयाच्या उंबरठ्यावर उभा आहे, त्याला विचारावे काय हेच ठाऊक नसते. त्याला विषयाचा नकाशा लागतो. तो काढणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

ह्या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली आणि ग्रंथांच्या पेट्या खेड्यांपर्यंत पोहोचवल्या. मद्रासला गणिताचे अध्यापक असलेले एस. आर. रंगनाथन १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असे सांगते. ह्या सूत्राकडे आजवर सोयीची बाब म्हणून पाहिले गेले. वस्तुतः तो समतेचा प्रश्न आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. शासनाच्या पैशातून तयार झालेल्या प्रत्येक शैक्षणिक साहित्याची देवनागरीत नोंद झाली पाहिजे: लेखक, वर्ष, विषय, इयत्ता वा पातळी, आणि पुनर्वापराची मुभा. शब्दांची जुनी-नवी रूपे एकमेकांशी जोडलेली असावीत. सर्व संस्थांची सूची एक असावी आणि संकेतस्थळाची रचना बदलली म्हणून ग्रंथाचा पत्ता हरवू नये. हे काम तात्पुरत्या समितीवर किंवा ठेकेदारावर न सोपवता १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखालील यंत्रणेकडे द्यावे, आणि तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्या ग्रंथालय सेवकांना त्यासाठी प्रशिक्षण व न्याय्य वेतन मिळावे. वेतनाचा प्रश्न टाळून सूचीचा प्रश्न सुटणार नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र शासननिर्णयाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक तालुक्यात एका ग्रंथालयाशी संपर्क साधावा आणि शेती, कामगार कायदे किंवा स्पर्धा परीक्षा ह्यांपैकी एक विषय निवडावा. मराठीतील पन्नास विश्वसनीय साधने स्वतः वाचून पाहावीत व पातळीनुसार लावावीत. ती यादी छापून ग्रंथालयाच्या भिंतीवर लावावी, शेजारी क्यूआर कोड द्यावा आणि दर तीन महिन्यांनी कोणते दुवे बंद पडले ते तपासावे. ह्या कामात भाषणाला वाव नाही, टाळ्याही नाहीत. अभ्यासमंडळे चालवण्याचा वारसा सांगणाऱ्या चळवळीला ते परके वाटू नये. शंभर तालुक्यांत अशा शंभर याद्या उभ्या राहिल्या, तर शासनापुढे मागणी नेताना नमुना हातात असेल.