सत्रनिबंधासाठीं कोणतें नाटक?

कॉलेजांत सत्रनिबंधाला ‘रोमँटिक ऑपेरा’ हा विषय लागला कीं आमचे विद्वान् अध्यापक वेबर नाहीं तर वॅग्नर सुचवितात. मराठींतलें कांहीं घ्यावयाचेंच तर ‘मानापमान’ (१९११) किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) घ्या, असें म्हणतात. कळंबसारख्या तालुक्याच्या गांवीं शिकणाऱ्या मुलीनें यांतून काय निवडावें? आमचें मत विचाराल तर यांतलें कांहींच नको. तिनें देवलांचें ‘शारदा’ नाटक घ्यावें.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गायिलें जाणारें नाटक. आमच्या संगीत नाटकांत भाषणें किती! हें म्हणणाऱ्यांनीं वेबरचा ‘फ्रायश्युट्झ’ एकदां उघडून पाहावा. १८२१ सालीं बर्लिन येथें रंगभूमीवर आलेला हा खेळ जर्मन रोमँटिक ऑपेऱ्याचा नमुना मानला जातो, आणि त्यांत पात्रें चक्क गद्यांत बोलतात. बिझेचा ‘कार्मेन’ १८७५ मध्यें पॅरिसला प्रथम लागला तोही गद्य संवादांसहच. जर्मनांना आणि फ्रेंचांना जें शोभतें तें देवलांना कां शोभूं नये, हें आम्हांस कोणी समजावून देईल काय?

दुसरा आक्षेप असा कीं ‘शारदे’च्या चाली सोप्या, अभ्यासाला रागदारी हवी. गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या चालींची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या नाटकांवर विद्यार्थी लिहितात काय? रागांची यादी, तालांची यादी, आणि शेवटीं बालगंधर्वांची स्तुति. नाटक कोठें गेलें? वेबरच्या शिकाऱ्यांच्या व करवल्यांच्या गाण्यांत खेड्यांतल्या गाण्याचा साधेपणा आहे. तेथें तो गुण, येथें मात्र दोष! येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढें गोंधळ ऐकत वाढलेल्या मुलीला साधी चाल शब्दाला कशी धरून चालते हें शिकवावें लागत नाहीं.

आतां ‘रोमँटिक’ या शब्दाविषयीं. अरण्य, भुतें आणि राजपुत्र असल्यावांचून ज्यांचें समाधान होत नाहीं त्यांना १८९९ चें हें नाटक कोरडें सामाजिक वाटणारच. पण एकट्या जीवानें रूढीपुढें आपल्या दुःखाला सूर देणें, हें रोमँटिक नव्हे तर काय? कांचनभट पैशासाठीं पोटची पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यावयास निघतो. लग्न मोडतें खरें, पण कशानें? वर म्हातारा म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघाले म्हणून! ही युक्ति देवलांनीं प्रेक्षकांना भिऊन योजिली, कीं शास्त्राच्याच शस्त्रानें शास्त्राभिमान्यांचें हंसें केलें? निबंधाला याहून चांगला प्रश्न आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

आणि तो प्रश्न जुना झालेला नाहीं. १९२९ चा बालविवाह-प्रतिबंधक कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून आपल्याकडे ओळखला गेला. (तें नांव हरबिलास सारडा यांचें; नाटकाशीं सादृश्य केवळ योगायोगाचें.) आज मुलीच्या लग्नाची वयोमर्यादा १८ आहे, तरीही मराठवाड्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांत पोरींचीं लग्नें त्याआधींच उरकलीं जातात. शेजारच्या बाकावरची मैत्रीण अचानक शाळेंत येईनाशी कां झाली, हें कळंबच्या मुलीला कोणी सांगावें लागत नाहीं. तिच्या हातीं ‘लोहेन्ग्रिन’ देऊन तिनें हंसाच्या होडीवर दहा पानें लिहावीं, अशी अपेक्षा करणाऱ्या अध्यापकांनीं आधीं ‘शारदा’ स्वतः पुन्हा एकवार वाचावें.