आंबोलीत आधी एसएमपीएस



कमी खर्चातल्या गेमिंग संगणकावरील लेखात निम्मे पैसे ग्राफिक कार्डावर घाला आणि कॅबिनेट आणि एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याच्या भागात वाचवा, असा सल्ला आहे. पुण्यात तो चालून जाईल. आमच्याकडे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, विजेचा लपंडाव आणि वळवाच्या गडगडाटात चमकणाऱ्या विजा. इथे कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस म्हणजे उशाशी ठेवलेला सुतळी बॉम्ब. शिवाय ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. लेखकाने दोन्हींची गल्लत केली आहे. जास्त दाब आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, ते वेगळे पाहावे लागते. घरचे अर्थिंग तर त्याआधी तपासावे.

कार्ड लगेच हवेच असे कुठे आहे? रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असते. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमना ते पुरते. मात्र ते मुख्य मेमरीच वापरते, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्याव्यात. फरक लगेच दिसतो. पुढे पैसे जमले की ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० घ्यावे. ७० वॅटचे हे कार्ड यूपीएसवर फारसा भार टाकत नाही.

लेखात सुचवलेली जुनी कार्डे जरा जपूनच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाचे ग्राफिक कार्डांवरचे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबलेली बरीच कार्डे बाजारात आली. पावसाळ्यात आत ओल साचू नये म्हणून संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा, हेही लेखात हवे होते.

– एक वाचक, आंबोली