ट्रॉलोप फितूर नव्हता

पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधील यादवीचा, म्हणजे गुलाबांच्या युद्धांचा, विषय निघाला की अँड्र्यू ट्रॉलोपच्या नावाला ‘फितूर’ हे विशेषण चिकटलेलेच असते. १२ ऑक्टोबर १४५९ च्या रात्री, लडलो शहरालगतच्या लडफर्ड पुलापाशी, तो कॅले या ठाण्यातले कसलेले शिपाई घेऊन यॉर्कच्या ड्यूकच्या छावणीतून सहाव्या हेन्री राजाच्या छावणीत गेला. उजाडायच्या आत यॉर्क आणि त्याच्या बाजूचे सरदार सॉल्सबरी व वॉरिक सैन्य तसेच टाकून पळाले. या एका रात्रीवरून त्याचा निकाल लावणे मला मान्य नाही.

पहिला आक्षेप असा की राजाने माफी देऊ केली आणि हा भुलला. जिवाची आणि लाभाचीच चिंता असती, तर जुलै १४६० मध्ये तो पुन्हा फिरला असता. नॉर्थम्प्टनच्या लढाईनंतर राजा आणि लंडन दोन्ही यॉर्कपक्षाच्या हाती होते. पारडे कुठे झुकले आहे हे आंधळ्यालाही दिसत होते. ट्रॉलोप हरलेल्या बाजूलाच राहिला.

दुसरा आक्षेप खाल्ल्या मिठाचा. पण मीठ कोणाचे? कॅले राजाचे ठाणे, ट्रॉलोप तिथला मास्टर पोर्टर, म्हणजे वेशींचा मुख्य अधिकारी, आणि वॉरिकही राजाच्याच नेमणुकीने तिथला कॅप्टन. आपले शस्त्र राजावर नाही, त्याच्या वाईट सल्लागारांवर आहे, असे यॉर्कचे पुढारी शपथेवर सांगत होते. लडफर्डला प्रत्यक्ष राजाचे निशाण समोर उभे राहिले आणि त्या शपथेतला पोकळपणा उघडा पडला. यॉर्कचे बेत त्याने पलीकडे सांगितले, हा डाग मात्र खरा आहे आणि तो मी पुसणार नाही. तरीही राजाच्या शिपायाने राजावर तोफ डागायला हवी होती, असे म्हणणाऱ्याने निष्ठेची व्याख्या आधी सांगावी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ऑक्टोबर १४६० मध्ये खुद्द हेन्रीने यॉर्कला वारस मानले; मग त्याविरुद्ध लढणारा राजनिष्ठ कसा? उत्तर सरळ आहे. हेन्री तेव्हा यॉर्कपक्षाच्या ताब्यात होता आणि त्या करारात त्याच्या सात वर्षांच्या मुलाचा हक्क गेला. कैदेतल्या माणसाची संमती ही त्याची इच्छा नव्हे.

पुढचे त्याचे वागणे पाहा. १७ फेब्रुवारी १४६१ ला सेंट ऑल्बन्सच्या लढाईत शत्रूने पेरलेला लोखंडी काटा त्याच्या पायात घुसला. हलता येईना, म्हणून एकाच जागी उभा राहून तो लढला. हेन्रीच्या मुलाने, राजपुत्राने, त्याला नाइट केले, तेव्हा आपण पंधराच माणसे मारली, एवढ्यासाठी हा मान आपल्याला शोभत नाही, असे तो म्हणाल्याची नोंद बखरीत आहे. सहा आठवड्यांच्या आत, २९ मार्चला, टाउटनच्या लढाईत, हिमवर्षावात, तो मारला गेला. यॉर्कपक्षाच्या पार्लमेंटने मेलेल्या माणसाला राजद्रोही ठरवले.

याच काळातल्या वॉरिकने १४६१ मध्ये यॉर्कच्या मुलाला, एडवर्डला, गादीवर बसवले आणि १४७० मध्ये त्यालाच हाकलून हेन्रीला परत आणले. इतिहास त्याला कौतुकाने ‘किंगमेकर’ म्हणतो. मोठ्या सरदाराने बाजू बदलली की ते राजकारण आणि शिपायाने बदलली की फितुरी, हा न्याय नव्हे. कोणी किती वेळा छावणी बदलली हे मोजण्याआधी तो कोणाचा चाकर होता हे विचारा. ट्रॉलोप राजाचा चाकर होता आणि राजासाठीच मेला.