सेन्सरी किट ऑनलाइन हजाराचं, सामान मात्र घरातच. मग अडतंय कुठं?

मोबाईलवर रील बघताना गावाकडच्या आयांनाही आता एक नवा शब्द दिसू लागलाय, 'सेन्सरी प्ले'. निळ्या-गुलाबी तांदळाचा ट्रे, त्यात लाकडी चमचे, शेजारी खेळणारं दोन वर्षांचं लेकरू. खाली किट विकत घ्यायची लिंक. साधं किट पाचशेच्या पुढं, जरा बरं हवं तर हजार-दीड हजार. रोजानं निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बाईची ही कित्येक दिवसांची मजुरी झाली.

शब्द इंग्रजी असला तरी खेळ काही नवा नाही. हाताला गार-गरम, ओलं-कोरडं, खरखरीत-मऊ लागणं, रंग ओळखणं, वास घेणं, ओतणं, चाळणं, मळणं हे सगळं त्यात येतं. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणं, ज्वारीच्या धांड्याची गाडी जोडणं, भातुकलीत पाल्याची भाजी चिरणं हेही तेच. फरक एवढाच की पूर्वी हे कुणी ठरवून करत नव्हतं. अंगण होतं, माती होती, घरात चार माणसं होती. आता अंगणात पेव्हर ब्लॉक बसलेत आणि रडणाऱ्या पोराला गप्प करायला मोबाईल आहे.

याच मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. पण नुसतं 'नको' म्हणून लेकरू ऐकत नाही. हातातला मोबाईल काढायचा तर त्या हाताला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

सरकारी कागदावर खेळच अभ्यास

केंद्र सरकारनं १० मे २०२३ रोजी 'पोषण भी पढाई भी' कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत खाऊ आणि वजनाबरोबर रोज किमान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावं, आणि तेही खेळातून, अशी त्यात अपेक्षा आहे. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये दोन आराखडे आले. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला'. दोन्हींचा भर गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर आणि हाताने बनवलेल्या खेळण्यांवर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं लिहिलेलं आहे.

महाराष्ट्राला यात नवं काही वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत हेच काम सुरू केलं. माँटेसरीची परदेशी साधनं गावाला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. देशात सरकारी अंगणवाडी योजना आली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये.

रंग कुठून आणायचे?

बाजारातली होळीची रंगपूड लहान पोरांच्या खेळात अजिबात नको, कारण या वयात हात आधी तोंडात जातो. स्वयंपाकघरातले रंग पुरतात. बीट किसून पिळलं की गुलाबी, पालक वाटून गाळला की हिरवा, हळदीचा पिवळा. हळद शक्यतो घरी दळलेली घ्यावी, सुट्या हळदीत भेसळ सापडते. होळीच्या सुमाराला पळस फुलतो, त्याची फुलं रात्रभर गरम पाण्यात ठेवली की केशरी पाणी मिळतं.

तांदळाची कणी बीटाच्या रसात चोळून सावलीत वाळवली की रीलमधल्यासारखी रंगीत होते. परातीत घालून वाटी, पळी, चाळणी दिली की तीन-चार वर्षांचं पोरगं अर्धा तास हलत नाही. काही घरांत म्हातारी माणसं म्हणतील, अन्नाशी खेळू नये. म्हणणं चुकीचं नाही. तिथं धुतलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा घ्यावा. कणी घेतली तरी खेळ झाल्यावर कोंबड्यांना घालता येते.

कणकेचा गोळाही तसाच. थोडं तेल लावून मळायचा, तीन भाग करून हळद, बीट, पालक घालायचं. बाजारी गोळ्यासारखा टिकावा म्हणून बरेच व्हिडिओ भरपूर मीठ घालायला सांगतात. ते टाळलेलं बरं, लहान मुलानं जास्त खाल्लं तर त्रास होतो. बिनमिठाचा गोळा दिवसभर पुरतो, तेवढा पुरे. हा गोळा दाबून, वळून, चिमटे काढून बोटांत जी ताकद येते, तीच पुढं पेन्सिल धरायला लागते. 'नुसतं खेळतंय, लिहीत काहीच नाही' म्हणणाऱ्या पालकांनी एवढं लक्षात घ्यावं.

पोरांना सगळ्यात जास्त मजा येते ती रंग बदलताना. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळट-गुलाबी होतं. हळदीच्या पाण्यात खायचा सोडा टाकला की लालसर. हळदीत चुना घालून कुंकू करायची जुनी पद्धत याच गुणावर चालते, पण चुना पोरांच्या हाती देऊ नये. डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

इथं डोळ्यात तेल घालून

शिवारातली प्रत्येक रंगीत बी खेळायची नसते. गुंजेची लाल-काळी बी दिसायला सगळ्यात देखणी, पण विषारी. एरंडी आणि बांधावरची चंद्रज्योत यांच्या बियाही तशाच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला शेंगदाणा, हरभरा, वाटाणा, मणी खेळायला देऊ नयेत. श्वासात अडकतात, नाकात गेले तर फुगून बसतात. जत्रेत मिळणारे पाण्यात फुगणारे जेलीचे मणी तर घरात आणूच नयेत, गिळले तर आतड्यात फुगून वाट बंद करतात. पाण्याचा खेळ उथळ परातीत. बादलीतल्या वीतभर पाण्यातही तान्हं पोर बुडू शकतं.

म्हणजे सामानाला पैसा लागत नाही, पण शेजारी एक मोठं माणूस बसावं लागतं. खरी अडचण तिथंच आहे. कापूस वेचणीला, कांदा लागवडीला गेलेली आई दुपारी घरी नसते. आजी असेल तर ठीक. नाहीतर भरवसा अंगणवाडीचा.

आणि अंगणवाडी सेविकेचा दिवस बघितला तर खेळाचे दोन तास कुठं बसतात, हा प्रश्नच पडतो. हजेरी, आहार, वजन-उंची, पोषण ट्रॅकरवर माहिती भरणं, गृहभेटी, त्यात कधी लसीकरण तर कधी सर्वेक्षण. मदतनीस स्वयंपाकात. वीस-पंचवीस पोरं रंगीत पाण्यात हात घालून बसली तर पुसणार कोण, हेही आहेच. काही ठिकाणी नळाचंच पाणी नाही. अशा वेळी भिंतीवरचा रंगीत तक्ता आणि तोंडपाठ बडबडगीत यावर भागतं. पालकही मग पाच किलोमीटरवरच्या 'कॉन्व्हेंट'ची व्हॅन लावतात. तिथं तीन वर्षांच्या पोराला एबीसीडी गिरवायला मिळते, आणि फीच्या पावतीमुळं शिक्षण चालू असल्याचं समाधानही.

गावाच्या हातात यात काहीच नाही, असं मात्र नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाअखेरीला घाईघाईत खुर्च्या, सतरंज्या किंवा एखाद्या कार्यक्रमावर संपतो. त्याच पैशात अंगणवाडीला चार पराती, चाळण्या, पाण्याची टाकी आणि बाहेर वाळूचा छोटा हौद होऊ शकतो. आठवड्यातून एक दिवस बचत गटातल्या दोघी किंवा घरची आजी तासभर येऊन बसली तर सेविकेला हात मिळतो. पुढच्या ग्रामसभेत या १० टक्क्यांचा हिशोब ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं मागता येईल. त्यात अंगणवाडीतल्या पोरांच्या खेळावर किती खर्च झाला, हेही विचारता येईल.