पन्नास नगरसेवकांचे शहर

हा अंक शिकागोचा. मराठी वाचक हे शहर विवेकानंदांच्या १८९३च्या भाषणामुळे ओळखतो. त्यापलीकडचे शिकागो त्याहून खडतर आहे.

तिथे पहिल्यांदा कायमचे घर करणारा परका माणूस, द्यू साब्ल, कृष्णवर्णीय व्यापारी होता. तरीही गोऱ्यांच्या वस्तीत कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. १९६६च्या ऑगस्टमध्ये त्याविरुद्ध मोर्चा काढणाऱ्या मार्टिन लूथर किंग यांच्या डोक्यात दगड बसला. ते गुडघ्यावर कोसळले, उठले आणि पुढे चालू लागले.

१९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले आणि ५० पैकी २९ नगरसेवक त्यांच्याविरुद्ध एकवटले. महत्त्वाच्या समित्या विरोधकांनी आपसांत वाटून घेतल्या, महापौरांच्या नेमणुका अडवून धरल्या. वॉशिंग्टन यांच्या हाती उरला नकाराधिकार. तो मोडायला लागणारे दोनतृतीयांश बहुमत मात्र विरोधकांकडे नव्हते. ही कोंडी जवळजवळ तीन वर्षे चालली. मतदारांचा कौल असा अडवणे हा उघड अन्यायच होता.

ही कोंडी फोडली कोर्टाने. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारी वॉर्डरचना त्याने बदलायला लावली आणि १९८६ मध्ये सात वॉर्डांत नव्याने निवडणूक झाली. बळ झाले २५-२५, आणि बरोबरी फोडणारे मत महापौरांचे. रखडलेल्या नेमणुका अखेर मार्गी लागल्या.