ओरिजिनल ठेवायची की रोज पळवायची?

आजोबांची पद्मिनी घेऊन रोज कॉलेजला जायचा प्लॅन आहे? मग आधी नियम बघा.

२०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. १९७४ची पद्मिनी आता या वयात बसते. पण ती रॅली, प्रदर्शन अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे ओरिजिनल राहण्याचं बक्षीस काय, तर घरी बसणं!

रोज चालवायची, तर १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. शिवाय आरसीवरचा तपशील बदलेल असा बदल, उदाहरणार्थ नवं इंजिन, आरटीओच्या परवानगीशिवाय चालत नाही.

मग बदलायचं काय? जिवाशी संबंध असेल ते आधी. सीटबेल्ट नसतील तर बसवून घ्या. ब्रेक, टायर, वायरिंग यांत भावनिक होऊ नका. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने खराब होतात, त्या बदलाच. डॅशबोर्ड, ग्रिल, स्टिअरिंगजवळचा गिअर मात्र तसेच राहू द्या. काढलेले पार्ट भंगारात देऊ नका.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. ती सगळ्यांच्या ओळखीची झाली होती, ती रोज धावून. नीट राखलेल्या, धावत्या जुन्या गाडीसाठीही नियमांत एखादा रकाना हवा, नाही का?